एका गोळीसाठी चार घरचा चहा

चहा मला मुळात आवडत नाही. हे आमच्या घरच्यांनाही खरं वाटत नाही, कारण नोकरीच्या वर्षांत मी जेवढा चहा प्याले तेवढा तुमसरच्या धानबाजारातल्या हमालांनीही प्याला नसेल. पण तो सगळा चहा कामाचा होता. कसा, ते सांगते.

कुष्ठरोगाचं काम करणाऱ्या एका संस्थेत मी सेविका होते. शाळा माझी चौथीपर्यंत. पुढचं वाचणं-लिहिणं नवऱ्याच्या पुस्तकांवरून आणि किराण्याच्या पुड्यांच्या कागदांवरून आलं. संस्थेला बाईमाणूस हवं होतं, कारण कामावरचे सगळे पुरुष, आणि खेड्यातली बाई परक्या पुरुषाला पाठ कशी दाखवणार? हा रोग तर पुष्कळदा पाठीवर नाहीतर मांडीवरच आधी उमटतो. फिकट चट्टा, दुखत नाही, खाजत नाही. तिथं कोंबडीचं पीस फिरवायचं, बाईला डोळे मिटायला लावायचं आणि म्हणायचं, लागलं तिथं बोट ठेव. चांगल्या कातडीवर बोट बरोबर पडतं. चट्ट्यावर पीस फिरलं की बाई नुसती डोळे मिटून बसून राहते आणि विचारते, "लावलं का नाई अजून?" त्या प्रश्नाला मी फार भ्यायचे.

चट्टा निघाला की गोळ्या. त्या काळी पांढऱ्या गोळ्या असत, रोज एक, आणि वर्षानुवर्षं. दर महिन्याला मी गावात जाऊन द्यायच्या. पण ज्या घरी ही बाई महिन्याच्या महिन्याला जाते, तिथं काय शिजतं आहे हे कळायला गावाला किती वेळ लागतो? म्हणून मी आपली एक रीत पाडली. एका घरी जायचं असेल तर चार घरी बसायचं. कुणाच्या नातवाची खरूज पाहायची, कुणाच्या बुढ्याचा खोकला ऐकायचा, कुणाच्या सुनेची निंदा कानांत साठवायची, आणि सगळीकडे चहा प्यायचा. त्यातल्याच एका घरात गोळ्यांची पुडी हातातून हातात जायची. संस्थेची जीप असली तर ती पार बसथांब्यापाशी ठेवायला लावायची, कारण तिच्या दोन्ही अंगांना रोगाचं नाव रंगवलेलं. आणि बाजारात पेशंट भेटला तर आपण होऊन ओळख द्यायची नाही. त्यानं दिली तर घ्यायची. मी रस्त्यावरच्या दगडाशीही दोन शब्द बोलणारी बाई. ओळखीच्या माणसासमोरून अनोळखी होऊन जायचं म्हणजे मला उपासासारखं वाटायचं.

कपाचंही सांगून टाकते. आमचं घर छप्पन्न सालापासून बौद्ध. गावोगाव ते कसं कोण जाणे, न विचारता माहीत असायचं. बऱ्याच घरी माझी कपबशी वेगळी, छपराच्या वळचणीत खोचलेली. मी गेले की मीच काढायची, मीच विसळायची, चहा वरून ओतला जायचा, आणि पिऊन झाला की पुन्हा विसळून तिथंच खोचायची. राग यायचा तर. पण पदराआड पुडी असायची, म्हणून तो राग मी घरी नेऊन नवऱ्यावर काढायचे.

कोंढ्याच्या पुढं एक गाव आहे. तिथल्या एका बऱ्या खात्यापित्या शेतकऱ्याच्या सुनेच्या पाठीवर मला चट्टा सापडला. डाव्या खांद्याखाली, रुपयाएवढा. तिचं माहेर पार बपेऱ्याकडं, मध्य प्रदेशाला चिकटून, त्यामुळे तिच्या बोलण्यात हिंदी जास्त आणि इथल्या बायका तिला त्यावरून चिडवायच्या. ती उलटून त्यांच्याच नकला करायची. सासूची नक्कल तर अशी, की मी तोंडात पदर कोंबायचे. कडेवर एक लहान पोरगी, तिची एकुलती एक. चट्टा आहे म्हटल्यावर ती रडली नाही. तिनं आधी पोरीकडं पाहिलं आणि मग मला म्हणाली, सासरी कळलं तर मला काढतील आणि पोरगी ठेवून घेतील. बस, एवढीच तिची भीती होती. हात वाकडे होतील, नाक बसेल, हे तिच्या मनातही आलं नाही.

मी म्हटलं, कळणार नाही. चार घरचा चहा मी त्या गावात तेव्हापासून सुरू केला.

तिची सासू खमकी बुढी होती. माझी कपबशी वळचणीत तिनंच खोचलेली. पण मी गल्लीत शिरले की ती दारातून मोठ्यानं ओरडायची, "आली वो टोचनारी बाई, पोराइले लपवा." मग गल्लीभर हसू व्हायचं, लेकरं पळायची आणि मी कशाला आले ते कुणी विचारायचं नाही. मला वाटायचं, बुढी वेंधळी आहे, आपल्या पथ्यावर पडते आहे. सून गोळ्यांची पुडी धान साठवायच्या ढोलीत खोल खुपसून ठेवायची. सगळं असं चालून गेलं. पोरगी कडेवरून उतरून धावायला लागली.

चट्टा विरला. मग संस्थेचे साहेब आले. शिकलेले, बाहेरगावचे, मोठी नोकरी सोडून या कामात आलेले. माणूस खोटा नव्हता. पेशंटच्या जखमा ते स्वतःच्या हातानं धुवायचे, ते मी पाहिलं आहे. कोंढ्याला बाजाराच्या दिवशी शाळेच्या एका खोलीत त्यांनी तिला तपासलं. मी पीस फिरवलं, तिनं डोळे मिटले, आणि बोट बरोबर जिथल्या तिथं ठेवलं. पुन्हा फिरवलं, पुन्हा बरोबर. साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. गोळ्या बंद म्हणाले. ती बाहेर येऊन मला म्हणाली, "आता तुमचा चहा बंद, बाई." आणि सासूसारखं तोंड करून म्हणाली, "साखर वाचली."

इथं गोष्ट संपली असती तर मी ती लिहायला घेतलीच नसती.

पुढच्या उन्हाळ्यात साहेबांनी त्याच गावात मोठा कार्यक्रम ठेवला. शाळेच्या पटांगणात मंडप, माइक, भिंतीवर चित्रं. लोकांची भीती घालवायची म्हणून बऱ्या झालेल्या पेशंटचा सत्कार. शेजारच्या गावचा एक म्हातारा त्यासाठी कबूल झाला होता. त्याची बोटं आधीच वाकलेली, त्यामुळे साऱ्या तालुक्याला ठाऊक होतं, लपवायचं काही उरलंच नव्हतं. त्याच्यासाठी शाल आणि नारळ आणून ठेवला होता. संस्थेच्या वसाहतीत जे पेशंट राहत त्यांनी मागावर विणलेली शाल. साहेबांना तो मान फार वाटायचा.

आणि ऐन वेळी म्हातारा आला नाही. त्याची म्हैस व्याली होती.

साहेब बोलायला उभे राहिले. बोलले फार चांगलं, खोटं कशाला सांगू. शाप नाही, पाप नाही, साधा रोग आहे, गोळ्यांनी जातो. लोक ऐकत होते, बायका माना हलवत होत्या. बोलता बोलता त्यांची नजर बायकांच्या घोळक्यावर गेली आणि त्यांचा चेहरा असा उजळला, की मीही वळून पाहिलं. ती बसली होती. एका बाजूला सासू, दुसऱ्या बाजूला लग्नाची नणंद, मांडीवर पोरगी.

मी उठून त्यांच्याजवळ गेले आणि हळूच म्हटलं, "साहेब, ती नको. तिचं घरी माहीत नाही."

त्यांनी माइकवर हात ठेवला आणि मला म्हणाले, "बाई, या लपवालपवीनंच रोग वाढला." हात नीट बसला नव्हता. ते वाक्य मंडपभर ऐकू गेलं.

मग त्यांनी तिला हाक मारली. ताई, या पुढे, घाबरू नका. तिनं मागं वळून पाहिलं, जणू मागच्या कुणाला बोलावलं आहे. ती उठेना, तेव्हा साहेबच शाल घेऊन खाली उतरले आणि बसल्या जागी तिच्या खांद्यांवर घातली. बरोबर त्या खांद्यावर. नारळ मांडीवर ठेवायला गेले तर मांडीवर पोरगी, म्हणून तो पोरीच्याच हातात दिला. मग माइकपाशी येऊन म्हणाले, "या तुमच्याच गावच्या लेकीला हा रोग होता. आज तिच्या अंगावर त्याचा ठिपकाही नाही. टाळ्या वाजवा."

आणि टाळ्या वाजल्या. आधी शाळेची लेकरं, मग मास्तर, मग सगळं गाव. मी व्यासपीठाजवळ उभी होते, मला सगळं दिसत होतं. टाळ्या वाजवता वाजवताच बायका सरकत होत्या. टाळ्या थांबेपर्यंत तिच्याभोवती सतरंजीचा मोकळा गोल तयार झाला होता. त्या गोलात ती, शाल आणि नारळ धरलेली पोरगी. सासू गोलाच्या बाहेर होती. नणंद तर पार मंडपाच्या खांबापाशी.

पुढच्या महिन्यात मी गेले तेव्हा गल्लीत माझ्यापुढं दारं लागत गेली. मी ज्या चार घरी चहा पीत होते, ती सगळी घरं आता धास्तावली होती. ही बाई त्या घरी रोगासाठी येत होती, तर मग आमच्याकडं कशाला येत होती, असं गाव त्यांना विचारत होतं. उत्तर काय देणार बिचाऱ्या? आपलं घर धुऊन काढायला त्यांनी सगळी घाण तिच्यावर ढकलली. गुळाचा चहा प्रेमानं पाजणारी एक बाई विहिरीवर शपथेवर सांगत होती, की त्या सुनेची बोटं झडताना आपण डोळ्यांनी पाहिली. तिच्या हाताची बोटं साबूत, मेंदी लावली तर रंगतील अशी, आणि विहिरीवरच्या बायका त्या बोटांकडं पाहत पाहत हे ऐकत होत्या. रोवण्याला ओळीत तिच्या शेजारी कुणी उभं राहिना. आमच्याकडं रोवणा म्हणजे बायकांचा सण, चिखलात गाणी म्हणत धान लावायचं. ती ओळीच्या टोकाला, मध्ये चार हात सोडून, एकटीच वाकलेली.

मी त्या घरी गेले. सवयीनं वळचणीत हात घातला. तिथं दोन कपबश्या होत्या.

मी हात मागं घेतला. सासू छपरीत धान पाखडत बसली होती. सूप खाली न ठेवताच म्हणाली, "तुमची डाव्या हाताची. दुसरी तिची."

मी समजवायला लागले, ती पूर्ण बरी आहे, साहेबांनी तपासली आहे. बुढीनं मला पुरतं बोलू दिलं. मग म्हणाली, "मले कायले सांगता? नातीच्या बाळंतपनात तिले तेल लावतानी मीच पाह्यला होता चट्टा. तुमच्या आंधी. गोळ्या ढोलीत कोन झाकत होतं, तिले वाटे ती झाकते. गल्लीत बोंब कोन मारत होतं, टोचनारी आली म्हनून?"

मी तिथंच छपरीत खाली टेकले.

"घरातलं घरात होतं तं मी पोटात ठेवलं," ती म्हणाली. "सायबानं पोटातलं मंडपात नेलं. आता माह्या पोरीचं तुमसरचं जमलेलं मोडून राहिलं. राईस मिलमधला पोरगा, चांगली मानसं. त्याइनं निरोप धाडला, सून घरात आहे तोवर बोलू नका." आणि सूप झटकून म्हणाली, "मी दोघींतून एक काढली, बाई. पोटची ठेवली."

हे ती मोठ्यानंच बोलली. सून आत चुलीपाशी होती.

मी साहेबांना जाऊन सगळं सांगितलं. ते रात्रभर झोपले नसतील, असा त्यांचा दुसऱ्या दिवशी चेहरा. पण उपाय त्यांनी कोणता काढावा? म्हणाले, आपण तिच्या घरी जाऊ, सगळ्यांसमोर मी तिच्या हातचा चहा पितो, म्हणजे लोकांची भीती जाईल. मी हात जोडले. त्यांनी ते जोडलेले हात कौतुकाचे समजले की काय, देव जाणे. जीप थेट दारात नेऊन उभी केली. रोगाचं नाव रंगवलेली. कुंपणाकुंपणावर माणसं. साहेब छपरीत बसले, तिला म्हणाले, ताई, चहा करा. तिनं केला. त्यांनी लोकांना ऐकू जाईल असा फुर्र फुर्र करून प्याला आणि हसून चौफेर पाहिलं. कुणीतरी पोरसवदा आवाज कुंपणापलीकडून म्हणाला, "सायबाले काय, त्याइले पगार भेटते." सगळे हसले. साहेबही हसले, त्यांना नीट ऐकू आलं नव्हतं.

जीप गेल्यावर बुढीनं ती कपबशी उकिरड्यावर फोडली, आणि सुनेचं अंथरूण गुरांच्या कोठ्यात टाकलं.

तिचा नवरा वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. तो कुणाशीच काही बोलायचा नाही. ती बपेऱ्याला भावाकडं गेली, पण त्याच्याही पोरी लग्नाच्या. त्यानं बसभाडं देऊन बहिणीला परत पाठवलं. शेवटी नवऱ्यानंच तिला बैलबंडीत बसवून संस्थेच्या वसाहतीत आणून सोडलं. चांगली निरोगी बाई, पण सुनेला ठेवायला दुसरी जागाच उरली नव्हती. पोरगी घरी ठेवली. बंडी निघाली तेव्हा पोरगी मागं पळत येत होती, तर आजीनं तिला दंडाला धरून आत नेलं, एवढं सुनेनं मला सांगितलं.  नकला करायची ती बंद झाली ते तेव्हापासून.

नणंदेचं तुमसरचं लग्न झालं. मी ऐकलं, थाटात झालं.

वसाहतीत तिला मागावर बसवलं. हात साबूत असलेली तिथं तीच, म्हणून काम चांगलं. ती शाली विणायची. सत्काराच्या.

साहेब पुढं बदलून गेले. मी गोळ्या देत हिंडत राहिले. महिन्यातून एकदा वसाहतीतही जायचे. एकदा तिनं मला बसवून घेतलं. गावाकडनं कुणी सांगत आलं होतं, की पोरीला आई मेली म्हणून सांगितलं आहे. पान लागून मेली. साप चावला असं आमच्याकडं नाव घेऊन म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात. ती मला म्हणाली, "भेटली कधी, तं तुमीही तसंच सांगजा. मी जिती राहिली तं पोरीसंगं लगन कोन करन?" मी हो म्हटलं. दुसऱ्याचं झाकून ठेवायचं हेच तर माझं काम होतं, साऱ्या जन्माचं.

ऐंशीनंतर नवं औषध आलं, लाल गोळ्या आणि कॅप्सूल, आणि शाळाशाळांतून तपासणी सुरू झाली. त्या गावच्या शाळेत मी कितीतरी वर्षांनी गेले. एका खोलीत पोरींची रांग. एकेकीची पाठ पाहायची, काही फिकट दिसलं तर पीस. एक सातवीतली पोरगी समोर आली आणि मला कुणी सांगायची गरज पडली नाही. तोंड तेच. तिच्या पाठीवर काहीच नव्हतं, तरी मी पीस फिरवलं. डोळे मिटून तिनं बोट बरोबर ठेवलं. पुन्हा फिरवलं, पुन्हा बरोबर.

ती झगा नीट करून गेली नाही, उभीच राहिली. "तुमी आमच्या घरी येत होत्या म्हनतात लोकं. माह्या मायले पाह्यलं का तुमी?"

"पाहिलं," मी म्हटलं. "हसरी होती फार."

"तिले पान लागलं ना?"

ती माझ्या तोंडाकडं टक लावून पाहत होती. गावानं तिला किती सांगितलं असेल, काय सांगितलं असेल, कुणास ठाऊक. मी म्हटलं, "हो माय. बांधीत." बांधी म्हणजे धानाचं वावर.

"कोनत्या बांधीत? आजी सांगतच नाई. मी साऱ्या बांध्या पाह्यल्या. मले कोनी जागाच दाखवत नाई."

याचं उत्तर आम्ही ठरवलं नव्हतं. मी म्हटलं, आता आठवत नाही गं. रांगेतल्या पोरी हसायला लागल्या, पुढं सरक म्हणून ढकलायला लागल्या, तशी ती गेली.

महिन्यानं वसाहतीत गेले. ती मागावर होती. मी पोरगी दिसली म्हटल्याबरोबर तिचा हात थांबला. उंच झाली का, कुणावर गेली, असं काही तिनं विचारलं नाही.

"पाठ पाह्यली?"

"पाहिली. काही नाही."

"पीस फिरवलं का नुसतंच पाह्यलं?"

"फिरवलं. दोनदा. बोट बरोबर ठेवलं."

तिनं श्वास सोडला आणि दोन-चार धागे विणले. मग मी पोरीनं विचारलेलं सांगितलं, जागेचं. तिनं माग थांबवला. मला वाटलं आता रडेल. पण ती विचार करत होती, लग्नाला कोणती साडी नेसायची ते बायका ठरवतात तशी.

"बोडीखालची बांधी सांगजा," ती म्हणाली. बोडी म्हणजे गावाचं लहान तळं. "तिथं साप आहेतच, म्हनजे खोटं वाटनार नाई. आन् शाळेची वाट तिथूनच जाते."

पुढच्या साली तपासणीला गेले तेव्हा पोरीला मी तसं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, मान हलवली.

"मले वाटलंच होतं," ती म्हणाली. "तिथून जातानी मी रोज हळू चालतो."